महाजन सरांच्या पायऱ्या

महाजन सर आमच्या ऑपरेशनांचं रेकॉर्डिंग चहा घेता घेता बघायचे, आणि त्यांचा चहा नेहमी गार व्हायचा. सिंधीपुऱ्याजवळच्या आमच्या लहानशा इस्पितळातले ते थोरले सर्जन. मी पुण्याहून दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकून आलेली. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणाले, प्रत्येक सर्जनची आपली एक स्टाइल असते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"स्टाइल तुमची, डॉक्टरीणबाई. पोट लोकांचं."

जठराच्या कर्करोगासाठी त्यांनी पायऱ्या ठरवल्या होत्या: छिद्रं कुठे पाडायची, कोणती रक्तवाहिनी आधी बांधायची, रोग आधी जिथे पसरतो त्या आजूबाजूच्या गाठींपैकी कुठल्या केव्हा काढायच्या. ऑपरेशन कुणीही करो, क्रम तोच. मनाला येईल तसं करणाऱ्यांना ते 'कव्वाल' म्हणत, कारण दर वेळी चाल नवी. बारीक छिद्रांची जाहिरात करणाऱ्यांचा तर त्यांना तिटकारा होता. "वरून टाका दिसत नाही म्हणून खुश. अंदर काय सोडून आले, ते कोण पाहतो?"

मला हा म्हातारपणाचा हेका वाटे. मग नेपानगरहून जठराचा कर्करोग झालेले पाटीलकाका आले, कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. सर त्या दिवशी बाहेरगावी होते. यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीभोवतीच्या गाठी सोडवणं किचकट. ती पायरी मी वरवर उरकली. ऑपरेशन झटपट झालं, काका तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात फिरू लागले. मी मिरवत होते.

परत आल्यावर सरांनी रेकॉर्डिंग नेमकं त्या पायरीवर थांबवलं. मी म्हणाले, तिथे गाठी दिसत नव्हत्या.

"दिसत नव्हत्या, की पाहिल्या नाहीत?"

काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल आला. गाठी फार थोड्या निघाल्या होत्या, आणि त्यांतल्या काहींत रोग होता. आत किती राहिल्या, कुणालाच सांगता येईना. काकांना हे मीच सांगायचं, असं सरांनी बजावलं. मी सांगितलं. काकांनी विचारलं,

"म्हणजे काम अधुरं राहिलं का, मॅडम?"

मी हो म्हणाले.

औषधं झाली, तरी दीड वर्षानं रोग उलटला आणि काका गेले. माझ्यामुळेच, असं कुणी ठामपणे म्हणू शकत नव्हतं. सरही म्हणाले नाहीत. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मी पायऱ्यांचा कागद थिएटरच्या भिंतीवर चिकटवला. सर म्हणाले, "भिंतीला ऑपरेशन करायचंय का? पाठ करा." मी पाठ केल्या.

काही वर्षांनी, हृदय थकल्यामुळे काम सोडलेलं असताना, सर एका सकाळी थिएटरात येऊन स्टुलावर बसले. टेबलावर निंबोल्याच्या एक बाई होत्या. मी एकेक पायरी मोठ्यानं म्हणत गेले, एकही गाळली नाही. संपल्यावर न राहवून विचारलं, "सर, कसं झालं?"

त्यांनी तोंडावरचा मास्क उतरवला. "बघण्यासारखं काही नव्हतं," म्हणाले, आणि भिंतीचा आधार घेत निघून गेले.

पुढच्या महिन्यात ते वारले. एवढी मोठी शाबासकी त्यांनी आणखी कुणाला दिल्याचं मला ठाऊक नाही.