डाव्या बाजूची जागा

आमच्या नावेत माझी जागा ठरलेली होती: पुढच्या फळीवर, डावीकडे. ती मला का दिली आहे हे कळेपर्यंत मी तिथे मोठ्या तोऱ्यात बसत होते.

नाव ह्यांनी स्वतः बांधली. नोकरीभर मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत डंपर चालवला, निवृत्त झाल्यावर बालाघाटला घर केलं, आणि बाकीची माणसं ज्या वयात भजनाला जाऊन बसतात त्या वयात हे मोबाइलवर नावांचे व्हिडिओ बघत बसले. अंगणात प्लायवुड आलं, रेझिनचे डबे आले, घरभर तो उग्र वास. उघडी, हलकी नाव. मधे काठी उभी करून तिला पाल लावायची आणि वारा नसेल तेव्हा मागे पेट्रोलची छोटी मोटर. "पाल" शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी म्हटलं, "भिंतीवर हायेत तेवढ्या पुरत नाही का तुमाले?" पुस्तकात त्याला शीड म्हणतात, पण आम्ही हिंदीच्या शेजारात राहणारे, आमची पालच. ती मीच शिवली, ब्लाउज शिवायच्या मशीनवर, निळ्या ताडपत्रीची. सुया मोडल्या, शिव्या मी दिल्या, त्या ह्यांनी निमूट ऐकल्या.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला वैनगंगेचं पाणी थांबून रुंद झालेलं आहे. तिथे आम्ही दुपारचे जायचो. मला पोहता येत नाही. ह्यांना एकट्याला पाण्यात सोडून घरी बसणं जमेना, म्हणून नारिंगी जॅकेट घालून मी सोबत जायचे आणि वाटभर कुरकुरायचे.

हळूहळू मलाही सगळं येऊ लागलं. काठी खोबणीत बसवायची, तिला धरणारे दोन्ही बाजूंचे दोर, म्हणजे ताण, आवळायचे, नाव वाऱ्यानं आडवी सरकू नये म्हणून मधली फळी पाण्यात सोडायची. पालीचा दोर मात्र कधीच बांधायचा नाही, हातात धरायचा. वाऱ्याचा झोत आला की तो चटकन सोडता आला पाहिजे, नाहीतर नाव आडवी. आणि मुख्य नियम म्हणजे पाल डावीकडे गेली की आपलं वजन उजवीकडे.

पण मला हे उजवीकडे बसूच देत नसत. नाव डावीकडे कलायची, पाणी काठाला लागायचं आणि मी त्याच बाजूला जीव मुठीत धरून बसलेली.

"वजन उजवीकडं असं तुमीच सांगता ना?" मी एकदा चिडून विचारलं.

"पालीच्या मांगचं मले दिसत नाही. तू वाकून पाह्यत जा अन् सांगत जा."

हे पटण्यासारखं होतं. मागे सुकाणू धरून बसलेल्याला पालीआडचं कुणालाच दिसत नाही. मग मी सांगू लागले. "काय हाये तिकडं?" हे विचारायचे आणि मी पाण्यात बसलेल्या म्हशी, खडकावरचे बगळे, वाळत घातलेली लुगडी, सगळं रंगवून सांगायचे. "किती दूर हाये?" हे पुन्हा विचारायचे. "आनखी काय हाये?" इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला दुसरं वाक्य कधी बोलू दिलं नव्हतं. वारासिवनीच्या बहिणीला मी फोन करून सांगितलं की तुझे भाऊजी माझं बोलणं ऐकायला लागलेत. तिला खोटंच वाटलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा वारा एकदम पडला. मी पाल उतरवली, काठीभोवती गुंडाळली आणि तिला दोरी बांधत पाण्याकडे पाठ करून बसले. ह्यांनी मोटर सुरू केली. थोड्या वेळानं नावेला हिसका बसला आणि मोटर घुसमटून बंद पडली. आम्ही जाळ्यात घुसलो होतो. जाळं मोटरच्या पंख्याला गच्च गुंडाळलं गेलं होतं.

जाळ्याचा मालक आपल्या डोंग्यातून ओरडत आला. "अंधे हो क्या? इतना थर्माकोल लगाया है!"

"बीच नदी में जाल कौन डालता है?" हेही तडकले. "निशानी कुठी हाये?"

थर्माकोलचे पांढरेशुभ्र तुकडे ओळीनं तरंगत होते. अगदी जवळ, डावीकडे. ह्यांनी समोर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि पूर्ण मान वळवली तेव्हा कुठे ह्यांचा चेहरा बदलला. पाल तर मी केव्हाच उतरवली होती. ते तुकडे आणि ह्यांचे डोळे, मधे काहीसुद्धा नव्हतं.

ह्यांनी विळ्यानं जाळं कापून पंखा मोकळा केला आणि आम्ही शिव्या खात काठाला आलो. घरी जाताना स्कूटरवर मी मागे बसले होते. डावीकडून एकेक ऑटो यायचा आणि माझा पाय नसलेला ब्रेक दाबायचा.

संध्याकाळी हे पेपर वाचत बसले होते. मी चहाचा कप घेऊन ह्यांच्या डाव्या खांद्याजवळ उभी राहिले आणि तशीच राहिले. चहावर साय धरली.

"चहा कुठी हाये व?" ह्यांनी आत स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली.

"हा काय. केव्हाची धरून उभी हावो मी."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. मान वळवली नाही.

"कवापासून?" मी विचारलं.

"नाव बांधाच्या आंधीपासून."

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू नाव बांधू देली असती? नागपूरच्या पोरानं येऊन स्कूटरची चाबीच नेली असती."

मला भयंकर राग आला. पडलेले पाण्याचे ग्लास, चौकटीला आपटलेला खांदा, आणि त्यावर माझं ठरलेलं "लक्ष कुठं असते तुमचं?" सगळं आठवलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. "काय हाये तिकडं?" हे माझं बोलणं ऐकण्यासाठी नव्हतंच. मी म्हशी-बगळे रंगवत होते आणि हे त्यातून वाट काढत होते.

"डोळे दाखवा," मी म्हटलं. "तोवर मी नावेत पाय ठेवत नाही."

"नोको ठेवू," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे एकटेच निघून गेले. मी भांडी आपटली, मशीनवर बसले, उलटी बाही जोडली आणि ऑटो करून नदीवर गेले. रस्ताभर मला डोळ्यांसमोर नको नको ते दिसत होतं.

नाव काठालाच होती. काठी उभी होती, ताण आवळलेले होते, पाल चढवलेली होती आणि वाऱ्यानं फडफडत होती. पालीचा दोर सुटा लोंबत होता. नाव मात्र झाडाला बांधलेली, आणि हे सुकाणू धरून मागे बसलेले. किती वेळ बसले होते कोण जाणे. मी जवळ गेले तर मला वाटलं होतं त्यापेक्षा हे पुष्कळ म्हातारे दिसले.

"डाक्टरनं म्हटलं डोळे गेले, तर?" ह्यांनी विचारलं.

"तर उरलं तेवढं तरी राखता येईन."

हे सुकाणू सोडून उठले. मग म्हणाले, "उतरव. जाऊ गोंदियाले."

काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजवा कडेकडेनं चाललेला. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. थेंब घातले तर उरलेलं टिकेल, पण खात्री कुणी देत नाही. हे तपासणीच्या खुर्चीत शाळेतल्या पोरासारखे हात मांडीवर ठेवून बसले होते. आधी आलो असतो तर किती वाचलं असतं, हे ह्यांनी विचारलं नाही. मी विचारलं, आणि उत्तर ऐकून पस्तावले.

त्यानंतर आम्ही नदीवर गेलो तेव्हा तो जाळ्याचा माणूस काठावर बसून जाळं विणत होता. मी म्हटलं, आता पुन्हा भांडण. पण हे सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तुझा थर्माकोल बराबर होता, भाऊ," हे म्हणाले. "मले दिसला नाही. बाजूचं मले दिसतच नाही."

एवढं स्पष्ट ह्यांनी पोरालासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. त्या माणसानं हातातलं काम थांबवलं.

"फिर नाव कौन चलाएगा?"

"जोवर दिसते तोवर मीच. ही सांगत जाईन."

"और बाद में?"

"मंग पाहू," हे म्हणाले.

"पाहू" तोंडून निघून गेल्यावर आपण काय बोललो ते ह्यांच्या लक्षात आलं. तो माणूस खाली बघून पुन्हा जाळं विणू लागला. मी ह्यांच्या डाव्या बाजूला, अगदी लगत उभी होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते ह्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी पुसलंही नाही.