इतवारीतला नवा पाना आणि बाबांचा जुना

नागपूरला फिरायला आलात तर लोक तुम्हाला तलाव दाखवतील, टेकडी दाखवतील. माझी या भागातली सगळ्यात लाडकी सहल मात्र एका पान्यासाठी झाली. पाना म्हणजे नट-बोल्ट उघडायचा, मिस्त्रीच्या पेटीतला. ऐंशीच्या दशकातला मे महिना होता. मी कॉलेजात होते आणि आम्ही नागपूरजवळ कोराडीला कॉलनीत राहायचो. बाबा तिथल्या वीजकेंद्रात फिटर होते.

संध्याकाळच्या गाडीने काटोलहून शांताआत्या आली, बाबांची धाकटी बहीण. आतोबा गेल्यापासून संत्र्याची बाग तीच सांभाळायची आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची दुरुस्तीही तीच करायची. इंजिनाच्या हेडचं पॅकिंग जळलं होतं. ते बदलायचं तर हेडचे चार नट उघडावे लागतात, आणि पहिल्याच नटावर तिचा जुना पाना तोंडाशी तुटला. तिथला मिस्त्री लग्नाला गेलेला. झाडांवर सुपारीएवढी फळं होती आणि पाण्यावाचून ती गळायला लागली होती.

"माहा पाना घेऊन जा," बाबा म्हणाले. त्यांनी तो तरुणपणी रेल्वेच्या भंगारातून निवडून आणला होता. काळाभोर, जाडजूड. घरात त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती.

"नाही गा दादा. जुनाच तुटला ना माह्या हातात. मले नवीन पाह्यजे."

"काहून वं? एक तुटला म्हणून सारेच जुने खराब?"

वाद जेवणात संपला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही निघालो. आत्या नवा पाना घ्यायला, बाबा आपला जुना पिशवीत घालून तिला चूक ठरवायला, आणि मी सुट्टी होती म्हणून.

कोराडीहून शहराची बस सकाळी लवकरची धरा. नंतर कोळशाच्या ट्रकांमागे बस रांगत जाते आणि खिडकी उघडी ठेवली की अंगावर राखेचा थर बसतो. इतवारीच्या बाजारात मात्र गाडीतून हिंडायच्या फंदात पडू नका. हातठेले आणि टेम्पो यांच्यातून पायी चालणारा आधी पोचतो. आम्ही आधी तर्री-पोहे खाल्ले. तर्री जपून मागा, मी दोनदा मागितली आणि काटोलपर्यंत पाणी पीत राहिले.

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर पाने चांदीच्या भांड्यांसारखे चमकत होते. आत्याने पदराची गाठ सोडली, त्यातून इंजिनाचा जादा नट काढला आणि एकेका पान्यात बसवून पाहू लागली.

"बाई, साडी घेऊन राहिले का तुम्ही? पाना हाय तो," दुकानदार हसत म्हणाला.

"साडी ढिली झाली तं पिन लावता येते भाऊ. पाना ढिला झाला तं नटाचे कोने जातात."

काही पाने मिलिमीटरचे होते, त्यांत तिचा इंचाच्या मापाचा नट डुगडुगत होता. शेवटी एक घट्ट बसला. बाबांनी तो आपल्या जुन्यावर टण्ण करून वाजवला. "आवाजच पोकळ हाय."

"वाजवायले नाही, उघडायले घेऊन राहिली मी," आत्या म्हणाली आणि पैसे दिले.

काटोलची लाल गाडी मिळाली. आज रस्ता सरळ आहे, त्या काळी धक्के खात दोन-अडीच तास लागायचे. खिडकीतून संत्र्याच्या बागा दिसू लागल्या तशी आत्या उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

बागेत पोचलो तर झाडांखाली हिरव्या गोळ्यांचा सडा होता. आत्याने चपला काढल्या आणि फळं चुकवत थेट इंजिनापाशी गेली. नव्या पान्याने तीन नट असे उघडले, जसं काही काल बसवले असावेत. ती बाबांकडे पाहून हसली. चौथा गंजलेला, तिचा जुना पाना तोडणारा तोच. तिने पाय रोवून जोर लावला आणि नव्या पान्याचं तोंड फाकलं. पाना सटकला, तिच्या बोटांची सालं निघाली.

"सांगितलं होतं ना!" बाबा अगदी खुशीत पुढे झाले. जुना पाना त्यांनी नटाला लावला. तो बसेचना. त्याच्या तोंडाचा जाड काठ शेजारच्या बिडाच्या उंचवट्यावर अडत होता.

तेवढ्यात एक फळ टपकन खाली पडलं.

बाबांनी पाना हातात फिरवून पाहिला. "हा काठ घासायले लोहाराकडे सान हाय ना?"

"दादा, राहू दे. तुहा जीव हाय त्याच्यावर."

"चाल, चाक फिरव तू."

लोहार जेवायला गेला होता, दुकान उघडंच होतं. आत्याने रक्ताळलेल्या बोटांना चिंधी बांधून चाक फिरवलं आणि बाबांनी आपल्या हातांनी पान्याचा काठ घासला. ठिणग्या उडत होत्या. मधूनमधून ते पाना पाण्यात बुडवायचे, निरखायचे, पुन्हा धरायचे. काळ्या कातडीखालचं लोखंड नव्या पान्याहून उजळ निघालं.

मग तो नटावर चपखल बसला. दोघा बहीण-भावांनी मिळून ओढलं. 'कट्' असा आवाज आला आणि नट फिरला. पॅकिंग बदललं, हेड बसवलं, आणि दिवस मावळायच्या आत इंजिन खोकत-खोकत सुरू झालं. पाटात पाणी आलं तेव्हा आत्या त्यात उभी राहून खळखळून हसली. त्या रात्रीचा पाटवडीचा रस्सा मी अजून विसरलेले नाही.

तुम्हीही कधी पाने घ्यायला गेलात तर चमक पाहू नका आणि वयही पाहू नका. जुने चांगले वाटतात, कारण त्यांच्यातले वाईट कधीच मोडून भंगारात गेलेले असतात. आणि नवे वाईटच असतात असं नाही: तीन नट त्या नव्यानेच उघडले. नट सोबत न्या, बसवून पाहा.

परतीला बाबांची पिशवी हलकी होती. घरी आल्यावर आईने ती चाचपली.

"अन् तुमचा पाना?"

"त्याच्यावर पाणी सोडलं," बाबा म्हणाले. मग हात धुता-धुता हसले. "बागेतही सोडलं."