पांढरीच्या खड्ड्यातलं पाऊल

भूतबित म्या कधी मानलं नाही. आम्ही बुद्धाचे लोकं, घरात अंगारा-धुपारा नाही. मी शिकेल नाही, भाची मोबाईलवर लिहून राह्यली. पाह्यलं तेवढंच सांगते.

अमडापूरपासून जवळच आमचं गाव. गावाबाहेर पांढरीचं, जुन्या गावाच्या मातीचं, टेकाड हाये. तिथं पुण्याच्या मॅडम जुन्या वस्तीचं खोदकाम करत. मी अन् माह्यी पोरगी प्रमिला, दोघी मजुरीले. तिच्याकडे झाडू होता. फोटो काढाच्या आंधी खड्डा झाडून घ्याचा, झाडत झाडत उलट्या पायानं बाहेर निंघाचं, पाऊल उमटू द्याचं नाही. फोटोत माणूस येऊ द्याचा नाही, अशी त्याईची रीत. बाया हासत, "माय व, आपल्यापरीस खापरं देखणी हायेत वाटते."

दिवाळीच्या तोंडावर प्रमिलाले कावीळ झाली. बुलढाण्याले नेलं, पण... गेली. घरी तिचा एक फोटो नोता.

उन्हाळ्यात काम पुन्हा निंघालं तं मी गेली. घरी बसून काय करू? तिचा झाडू माह्या हाती आला. काम सरलं तसा खड्डा मातीनं बुजवला, तशीच पद्धत हाये.

पुढच्या साली मॅडम लॅपटॉप घेऊन विहारात आल्या. समदे फोटो इंटरनेटवर ठेवून राह्यल्या होत्या, कोणीबी कुठूनबी पाहावं म्हणून. खड्डा बुजला, आता फोटोच काय ते उरले, म्हणे. दुपारी आम्हा बायाईले एकेक दाखवला. एका फोटोवर थांबल्या.

"मावशी, हा खड्डा तुम्ही झाडला होता ना? मग हे पाऊल कसं राहिलं?"

झाडलेल्या जमिनीच्या मधोमध एकच पाऊल. उजवं. करंगळीची जागा रिकामी.

प्रमिलाच्या उजव्या पायाची करंगळी लहानपणीच बैलगाडीच्या चाकाखाली गेली होती... अन् हा खड्डा तं ती गेल्यावरचा. आंधीच्या फोटोत पाऊल नाही, नंतरच्या फोटोत नाही. आल्या-गेल्याचं दुसरं पाऊलबी नाही.

म्या हे मॅडमले सांगतलं. त्या म्हणे, त्याईच्या वरच्या मोठ्या सरानं हा फोटो खराब म्हणून काढून टाकाले सांगतलं हाये.

मी जिंदगीत कोणाले काही मांगतलं नाही. तवा मांगतलं. "राहू द्या मॅडम. तिचं तेवढंच हाये."

त्याईनं फोटो मोठा करून पाह्यला. "कॅमेऱ्यानं टिपलं ते पुसायचा हक्क आम्हालाही नाही, मावशी. मी बोलते सरांशी."

मंग एक दिवस त्याईचा फोन आला. फोटो राह्यला. खाली लिहावं लागते म्हणे, काय हाये ते. त्याईनं लिहिलं होतं, 'पाऊल. कसं आलं, माहीत नाही.' बरोबर आहे का, म्हणून मले इचारलं.

बरोबरच हाये. कसं आलं, ते मलेबी आजवर समजलं नाही. मोठमोठे शिकेल लोकं पाहून गेले, त्याईलेबी नाही.

"कोणाचं हाये, तेबी लिहा," म्या म्हटलं. "प्रमिला."

 तिकडून लॅपटॉपची बटनं दाबल्याचा आवाज आला.