आत्याचे गाडे आणि मास्तरांची होडी

लोखंडी खाटांच्या कारखान्यात माझ्या आत्याने सव्वीस वर्षं पाइप वाकवले. कारखाना बंद पडला तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती आणि उजवा खांदा त्याच्या आधीच कामातून गेला होता. वडील गेल्यापासून घरात आई आणि आत्या दोघीच. एकीचे गुडघे दुखायचे, दुसरीचा खांदा. आई म्हणायची, आम्ही दोघी मिळून एक धड बाई होतो.

आमच्या घरापासून उतार सुरू होतो आणि खाली तलाव लागतो. तिथे हौशी लोकांच्या शिडाच्या लहान होड्या असत, वीस-बावीस. एक होडी पाण्यात न्यायला चार माणसं लागायची. चौघं कधी जमायचे नाहीत. मग दोघंच ओढायचे आणि होडीचं बूड सिमेंटच्या उतारावर खरवडत जायचं. आत्या पायरीवर चहा घेऊन बसलेली असली की तो आवाज तिच्या दातात जायचा. शेवटी एक दिवस ती खाली गेली आणि म्हणाली की हिला चाकं का लावत नाही. तयार गाडा मिळतो, पण लांबून मागवावा लागतो आणि किंमत ऐकून होडीच विकावीशी वाटते, असं त्यांनी सांगितलं.

आत्याने पहिला गाडा केला तो कारखान्याच्या भंगारातल्या खाटांच्या पाइपांचा. चाकं बांधकामावरच्या जुन्या ढकलगाडीची. होडी टेकायला आग विझवायच्या नळाचा फाटका पट्टा, म्हणजे बुडाला ओरखडा नको. तो गाडा फसला. चाकं फार मागे बसली होती, त्यामुळे पुढचा दांडा उचलताना पोतं उचलल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या खेपेला तिने होडी एका आडव्या पाइपवर ठेवली, पुढे-मागे सरकवली आणि ती जिथे तराजूसारखी स्थिर राहिली तिथे खडूची खूण केली. चाकं बरोबर त्या खुणेखाली. मग अख्खी होडी एका हाताने ढकलता येऊ लागली. "माणूस खाटेवर कसा निजतो हे मला कळतं," ती म्हणाली, "होडीचं काय वेगळं असणार?"

लग्न का केलं नाही म्हणून कोणी छेडलं तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. संसाराचा गाडा ओढला नाही, म्हणून नशिबाने हे गाडे गळ्यात घातले.

गाड्यांमागून दुरुस्त्या आल्या. कोणाचं सुकाणू खिळखिळं, कोणाचं शीड फाटलेलं, कोणाच्या बुडाला भेग. आत्या छत्रीच्या कापडाची ठिगळं लावायची, भेगेवर फायबरचं कापड आणि रेझिनचा चिकट थर चढवायची, वाळलं की पॉलिश पेपरने घासायची. होडी परत देताना न चुकता म्हणायची, "तात्पुरतं आहे हं." लोक तिला तात्पुरत्या बाई म्हणू लागले. त्या तात्पुरत्यावर लोकांनी चार-चार, पाच-पाच वर्षं काढली. आत्याही पाठ सरळ करायला विसरत गेली. संध्याकाळी आई तिच्या खांद्याला तेल चोळायची.

निवृत्त पोस्टमास्तरांची होडी प्लायवूडची होती, स्वतःच्या हाताने बांधलेली. पत्नी वारल्यावर मास्तर रोज सकाळी तलावावर असायचे. आत्याने त्या होडीचं बूड तीनदा सांधलं होतं. तिसऱ्या वेळी तिने त्यांना सांगितलंही होतं की आता उन्हाळ्यापुरती वापरा आणि मग सोडून द्या.

चौथ्यांदा ते आले तेव्हा पावसाळी हवा होती आणि आत्या दोन गाडे संपवून नुकतीच टेकली होती. तिने होडी उलटी करून बुडावर सुरी टेकवली. सुरी लोण्यात जावी तशी आत गेली. लाकूड ओलं होतं, कुजलेलं होतं. ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही, हे तिला माझं नाव ठाऊक होतं तितकं ठाऊक होतं. ती मास्तरांना नाही म्हणाली. मास्तर गेले नाहीत. होडीशेजारी उभे राहून हळू आवाजात बोलत राहिले, की फक्त काठाकाठाने जाईन, आठ दिवस तरी, घरात बसवत नाही. अर्ध्या तासाने आत्या उठली आणि तिने कापड कापायला घेतलं.

पाचव्या दिवशी मास्तर काठ सोडून आत गेले आणि ते ठिगळ निघालं. होडी बुडाली नाही, उलटून तरंगत राहिली. मास्तर दीड तास थंड पाण्यात तिला धरून होते. काढलं तेव्हा ओठ निळे पडलेले. मग न्यूमोनिया, तीन आठवडे दवाखाना. तलावावर कोणी आत्याला दोष दिला नाही. मास्तरांनी तर उलट निरोप पाठवला की चूक माझी, बाईंनी मनाला लावून घेऊ नये.

आत्या दवाखान्यात गेली. आईही सोबत होती, तिच्याकडूनच मला हे कळलं. मास्तर झोपले होते. त्यांची मुलगी बाहेर बाकावर बसली होती, कितीतरी दिवसांची जागलेली. तिने आत्याला बसायला जागा करून दिली आणि न चिडता विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मग नाही म्हणायला हवं होतं तुम्ही."

"म्हटलं होतं," आत्या म्हणाली. "एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायचं त्राण नव्हतं. ठिगळ लावणं सोपं होतं."

मुलगी म्हणाली की माझंही त्यांच्यासमोर तसंच होतं. दोघी तिथेच बसून राहिल्या. आईला वाटलं, आत्याला तिथेच डुलकी लागणार.

बरे झाल्यावर मास्तरांनी ती होडी कापून टाका असं सांगितलं. स्वतः आले नाहीत. आत्या दोन दिवस करवत चालवत होती, डाव्या हाताने, आणि आई फळी धरून बसायची. त्यानंतर आत्याने बुडाच्या दुरुस्त्या बंद केल्या. गाडे करीन, शीड शिवीन, बूड नाही.

लोकांना हे पटायला जड गेलं. दातांचे डॉक्टर आपली होडी घेऊन आले. भेग लहानशी होती, पण आत्याने बोटाने दाबून पाहिलं आणि ती नाही म्हणाली. त्यांनी समजावलं, हसून पाहिलं, शेवटी जरा आवाज चढवला. आत्या तीनदा नाही म्हणाली. ते गेल्यावर ती ओट्यावर बसली ती तासभर उठलीच नाही. आईने विचारलं, काही जड उचललंत का ताई. आत्याने मान हलवली, हो की नाही ते आईला कळलं नाही.

डॉक्टरांनी दुसरीकडून ठिगळ मारून आणलं. ती होडी पुढचे दोन हंगाम मजेत फिरत होती. एका सकाळी पायरीवरून ती दिसली तेव्हा आईच्या तोंडून निघून गेलं, "बघा, काही झालं नाही तिला."

"नाही झालं ते बरंच झालं," आत्या म्हणाली, आणि खांदा धरून आत जाऊन आडवी झाली.