जे नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगू? बहुतेक वेळा हसते. पिंपळ, पांढरी साडी, पैंजणांचा आवाज... माझा यातल्या कशावरच विश्वास नाही, हे घडलं तेव्हाही नव्हता. आमच्या बाबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्याबरोबर घरातले देव, ताईत, अंगारे-धुपारे सगळं वैनगंगेत सोडलं. "आत्मा नाही, भूत नाही, स्वर्ग नाही. माणूस आहे आन् त्याचं वागणं आहे," असं ते आम्हा बहिणींना जेवताना सांगायचे. मी त्या घरातली मुलगी. तेव्हा पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या. नात टाईप करून देते आहे, भाषेत मध्येच हिंदी-वऱ्हाडी आलं तर सांभाळून घ्या. आम्ही बालाघाटकडचे!

माझं लग्न होऊन मी उकव्याला गेले. यजमान मँगनीजच्या खाणीत होते. खाण, चाळीसारख्या खोल्या, आणि चारही बाजूंनी जंगल. पहिल्या बाळंतपणाला मी एकोणीस वर्षांची. साल साधारण चौसष्ट असेल. मार्च महिना होता. दोन दिवस कळा दिल्या तरी सुटका होईना, तेव्हा यजमानांनी खाणीच्या ट्रकमध्ये गादी टाकून मला घाट उतरवून बालाघाटच्या ख्रिस्ती दवाखान्यात आणलं. डॉक्टर त्या दिवशी दौऱ्यावर गेलेले. होत्या त्या एकट्या रूथबाई.

रूथबाई म्हणजे तिथल्या थोरल्या नर्स. मूळच्या अचलपूरकडच्या, लग्न न केलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या. पांढरी साडी, मोठे खरबरीत हात. मला आठवतात ते हातच, कारण त्यानंतर मी शुद्धीत नव्हते.

जाग आली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता आणि माझ्या शेजारी काहीच नव्हतं.

मुलगी झाली होती. गळ्याभोवती नाळ अडकलेली. थोडा वेळ श्वास चालला, मग थांबला. माझ्या यजमानांनी तिला तोवर पुरूनही टाकलं होतं. मी ओरडले, "मले दाखवली काहून नाही?" रूथबाई माझ्या कपाळावर हात ठेवत म्हणाल्या, "नाही पाहिलं तेच बरं आहे व पोरी. पाहिलं असतं तर तोंड डोळ्यांपुढून हललं नसतं."

मी तो हात झटकून टाकला.

त्या काळी असंच करायचे, हे मला आता कळतं. मेलेलं लेकरू आईला दाखवायचं नाही, म्हणजे ती लवकर विसरते, असं सगळेच म्हणायचे. पण मी विसरले नाही. उलट, तोंडच पाहिलं नाही तर विसरणार काय? रात्रंदिवस मी त्या चेहऱ्याचा अंदाज बांधत बसायची. नाक यांच्यासारखं असेल, की माझ्यासारखं...

ताप आला म्हणून तीन आठवडे दवाखान्यात ठेवलं. रूथबाईंनी माझं सगळं केलं, पण मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. एप्रिलमध्ये मोटरीने उकव्याला परत निघाले. यजमान पुढे उभे होते, मी खिडकीशी. घाटात सावरीच्या झाडांची बोंडं फुटली होती, सगळीकडे कापूस उडत होता. त्यातला एक पुंजका खिडकीतून आत आला आणि माझ्या रिकाम्या मांडीवर येऊन बसला. वजनच नाही त्याला. तेव्हा मी मनात मुलीचं नाव ठेवलं. सावरी.

मोठ्याने उच्चारलं नाही. यजमानांना सांगितलं नाही, आईला नाही, कुणालाच नाही. मेलेल्या लेकराचं बारसं केलं म्हणून लोक मला वेडी ठरवतील असं वाटलं. ते नाव माझ्या मनाबाहेर गेलं नाही — हे मी आज ऐंशीच्या घरात असतानाही छातीवर हात ठेवून सांगते.

पुढची वर्षं वाईट गेली. मी यजमानांना जवळ येऊ दिलं नाही. ते बिचारे काही बोलायचे नाहीत. ड्यूटीवरून येऊन गपचूप जेवून झोपायचे. आमच्यात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं.

अशी जवळजवळ पाच वर्षं गेली आणि जानेवारीत एक पोस्टकार्ड आलं. रूथबाईंच्या भाचीचं. सालोमी तिचं नाव, ती बालाघाटला शाळेत शिकवायची. "मावशी फार आजारी आहे. तुमची आठवण काढते. एकदा येऊन जावे." मी कार्ड चुलीत घातलं. आठ दिवसांनी दुसरं आलं. ते यजमानांच्या हाती पडलं.

"जाऊन ये," ते म्हणाले.

"कायले जाऊ? पाय चेपायले?"

"भांडाले जा. पण जा. मेल्यावर कोनाशी भांडशील?"

एवढं लांब वाक्य ते माझ्याशी कित्येक महिन्यांनी बोलले होते. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटरीत बसले. माफ करायला नाही हं... जाब विचारायला.

दवाखान्यामागे नर्सेसची बैठी घरं होती. दुपारचे दोन वाजले असतील. थंडीचे दिवस म्हणून खाट अंगणात उन्हात काढलेली. सालोमी शेजारी बसून सुपात तांदूळ निवडत होती. खाटेवरचं माणूस मी ओळखलंच नाही. पोटातल्या गाठीने बाई चिपाड झाली होती. हात तेवढे तसेच मोठे होते.

"मौसी, देखो कौन आया. उकवेवाली शांताबाई," सालोमी म्हणाली.

रूथबाईंनी डोळे उघडले. "आली? बस. जे बोलायचं ते बोलून टाक, शांते. माह्याजवळ वेळ कमी आहे."

मी मोटरीत किती काय काय ठरवून आले होते! तोंडातून एकच निघालं. "नर्सबाई, तुमी मले माह्या पोरीचं तोंड काहून नाही दाखवलं?"

"चुकली मी," त्या म्हणाल्या. सबब नाही, काही नाही. "दहा मिनिटं जीव होता तिच्यात. तेवढ्यात तुले हलवून उठवायला पाहिजे होतं. मले वाटलं, तुले सोसणार नाही. तुह्या वाट्याचं पाहणं मीच पाहून घेतलं. तो तुहा हक्क होता."

मग श्वास घेत घेत त्यांनी आणखी सांगितलं, जे मला माहीतच नव्हतं. पाण्याचा वाडगा हाताशी होता. मरणाऱ्या लेकराला त्यांच्यात पाणी लावून बाप्तिस्मा देता येतो, असं त्या म्हणाल्या. पण आम्ही दुसऱ्या धर्माचे, आई बेशुद्ध, बाप बाहेर — न विचारता कसं करायचं, म्हणून त्यांनी हात आवरला. आणि मग पाच वर्षं त्यांना ते लागून राहिलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं होतं की बाप्तिस्म्याविना गेलेलं लेकरू प्रभूच्या घराबाहेरच राहते. चर्चच्या पाळकसाहेबांनी समजावलं की देव एवढ्या कोत्या मनाचा नाही. ते पटायचं, पण पुन्हा मन खायचं.

"तुमच्यात स्वर्ग नाही, मले मालूम आहे," त्या म्हणाल्या. "पण माह्यात आहे ना व. मी तिथं जाईन, आन् तुही पोरगी बाहेर उभी दिसली तर? कोन्या तोंडानं आत जाऊ?"

मी थक्कच झाले. पाच वर्षं मला वाटत होतं, या मुलीसाठी जगात मी एकटीच रडते आहे. आणि इथे एक परकी बाई, आपल्या मरणाच्या दारात, स्वर्गात जायला कचरत होती... माझ्या मुलीपायी.

मी चमच्याने त्यांच्या तोंडात पाणी घातलं. दोन-तीन चमचे गेले. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, अंगणाच्या फाटकाकडे. आणि चेहरा असा खुलला, जसा घरचं लेकरू शाळेतून आल्यावर एखाद्या आईचा खुलतो.

"अगं ये ना आत. उभी काहून राह्यली?"

मी वळून पाहिलं. फाटक लावलेलं. पलीकडे रिकामा रस्ता.

सालोमी हळू आवाजात म्हणाली, "दो दिन से ऐसाच कर रही है. आजी दिखती है, कभी बाप दिखता है..."

"तुही आहे व ही, शांते," रूथबाई म्हणाल्या. "किती मोठी झाली पाह्य! केस तुह्यासारखेच दाट. नाव सांगून राह्यली आपलं..." त्यांनी कान दिल्यासारखी मान तिरपी केली. "सावरी."

माझ्या हातातला चमचा खाली पडला.

सालोमीला 'सावली' ऐकू आलं. ती उठली. "मौसी, धूप लग रही क्या? छाया में कर दूँ खाट?"

"सावली नाही व बाई!" रूथबाई चक्क चिडल्या. "सावरी. सावरीचा कापूस नाही असत का झाडाचा, तो. बढिया नाव ठेवलं, शांते. कोनी ठेवलं? तूच ना?"

मी हौ म्हटलं.

"मंग झालं. आईनं नाव ठेवलेली आहे, आतच आहे ती. बाहेर नाही. मी उगाच भेत होती."

मी त्यांच्या त्या मोठ्या हातावर डोकं ठेवून रडले. पाच वर्षांत अशी रडले नव्हते. त्यांनी दुसरा हात माझ्या कपाळावर ठेवला, आणि या वेळी मी तो राहू दिला. मी म्हटलं, "नर्सबाई, माह्या मनात आता काही नाही." त्या म्हणाल्या, "माह्याही." त्यानंतर बोलल्या नाहीत. ऊन अंगणात होतं तोवरच, पाचच्या सुमारास, श्वास थांबला. भीती वाटण्यासारखं काहीही नव्हतं. सालोमीने डोळे मिटवले आणि हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली.

दुसऱ्या दिवशी मातीला मी थांबले. ख्रिस्ती मयत मी पहिल्यांदाच पाहत होते. कुणी ऊर बडवलं नाही, सगळे मिळून गाणी म्हणत होते. मीही मूठभर माती टाकली. परतताना मी पाळकसाहेबांना गाठलं आणि सगळं सांगून विचारलं, असं होऊ शकते का? ते खूप वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "बहन, हम मानते हैं कि आखिरी दिन सब उठेंगे. उसके पहले कौन किससे मिलता है... वहाँ का हाल यहाँ खड़ा होकर मैं भी कैसे बताऊँ?" त्यांनी उगाच खात्री दिली नाही, म्हणून मला ते माणूस आवडलं.

घरी आल्यावर यजमानांना पहिल्यांदा ते नाव सांगितलं. ते भिंतीला टेकून बसले. मग त्यांनीही मला पहिल्यांदा सांगितलं... तिला हातात घेतलं तेव्हा ती अजून गरम होती, मूठ मिटलेली होती, आणि आपण त्या मुठीत आपलं बोट घालून पाहिलं. पाच वर्षं ते हे एकटे घेऊन बसले होते. त्या दिवशी आम्ही नवरा-बायको पुन्हा बोलायला लागलो. दीड वर्षाने मुलगा झाला, नंतर मुलगी.

बाबांनाही सांगितलं, भीत भीत. वाटलं, रागावतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आत्मा-गित्मा काही नसते, शांते." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण नाव चांगलं ठेवलं व."

मी खूप डोकं चालवलं आहे. तापात बडबडले असेन? पण नाव ठेवलं ते दवाखान्यातून निघाल्यावर, मोटरीत. झोपेत बोलले असेन आणि यजमानांनी ऐकून रूथबाईंना कळवलं असेल? त्यांनी शपथेवर नाही म्हटलं, आणि मी नाव सांगितलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. योगायोग म्हणावा, तर असं नाव मी तरी आजवर दुसऱ्या कुणा मुलीचं ऐकलेलं नाही. सालोमी होती तोवर मी तिलाही कितीदा विचारलं. ती प्रत्येक वेळी तेच सांगायची, "मैंने छाया सुना था, मौसी ने डाँटा."

मी आजही विहारात जाते, वंदना म्हणते. ख्रिस्ती झाले नाही, कुणी तसं व्हायला सांगितलंही नाही. रूथबाईंचा स्वर्ग आहे की नाही, मला माहीत नाही. जे घडलं त्याचा अर्थ मला आजही लावता येत नाही, आणि खरं तर आता लावायचाही नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ज्या बाईने माझ्या मुलीचं तोंड मला पाहू दिलं नव्हतं, तिनेच जाता जाता ती मला दाखवली. दाट केसांची, पाच वर्षांची होत आलेली, स्वतःचं नाव स्वतः सांगणारी. मी आजन्म त्यांची आभारी आहे.