घडी न मोडलेला पेपर

"माझं मत विचाराल तर," असं म्हणून ते घडी घातलेला पेपर माझ्या काउंटरच्या काचेवर आपटायचे. मत कुणी विचारलेलं नसायचं.

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. सकाळी शटर वर गेलं की पहिल्या गिऱ्हाइकाआधी काका हजर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत पेपर. वायरच्या गुंडाळ्यांशेजारचं स्टूल त्यांचं. चुकून दुसरं कुणी तिथे बसलंच तर म्हणायचे, "बसा बसा, आम्ही उभं राहायलाच आलोय." बसलेला माणूस निमूटपणे उठायचा.

मग बातम्या सुरू. भारनियमनाचं काही छापून आलं असेल तर, "शेठ, आज संध्याकाळी वीज जाणार आहे. तुमची दिवाळी." उड्डाणपुलाची घोषणा झाली की, "चला, म्हणजे आता वाहतूक दोन मजल्यांवर तुंबणार." आयटीच्या कौतुकाचे रकाने तेव्हा रोजच यायचे. त्यावर ते रस्त्याकडे मान करून म्हणायचे, "कंपनीच्या बसमध्ये ही पोरं कशी माना टाकून झोपलेली असतात, बघा. उतरतात तीही झोपेतच." आम्ही हसायचो. त्यांचा स्वतःचा मुलगा, नितीन, त्याच बसने हिंजवडीला जायचा आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान होता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. तुम्हीही त्याच्यावर वैतागत असाल आणि तो एक दिवस आला नाही तर दाराकडे बघत असाल.

आमच्या काकांची एक तऱ्हा मात्र वेगळी होती. ते पेपर कधी उघडायचे नाहीत. कुणी बघायला मागितला तर देऊन टाकायचे, पण स्वतः त्याची घडी मोडायचे नाहीत. "वाचून झालाय," एवढंच म्हणायचे.

पुढचं नीट कळावं म्हणून एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगतो. मला ती बरीच उशिरा कळली. काकांना दिसत नव्हतं. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं होतं, आणि गेलेली नजर परत यायची नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. उजेड-अंधार कळायचा, समोर कुणीतरी आहे एवढं कळायचं, बाकी सगळं धुकं. सकाळी चहाबरोबर काकू त्यांना अख्खा पेपर वाचून दाखवायच्या आणि ते खाली येऊन मतं द्यायचे. घर आणि दुकान यांमधला जिना, वळण, पायरी, सगळं पायांच्या सवयीचं होतं. कुणाला पत्ता नव्हता. आणि मुख्य म्हणजे नितीनला तो लागू द्यायचा नव्हता.

कारण नितीनची कंपनी त्याला जानेवारीत अमेरिकेला पाठवणार होती. एकुलता एक मुलगा. वडिलांच्या डोळ्यांचं कळलं असतं तर तो गेलाच नसता, याबद्दल काकांना खात्री होती, आणि काकूंनाही.

नितीनच्या मनात वेगळंच होतं. जायच्या आधी आईबाबांना घर नवं करून द्यायचं. डिसेंबरात तिकडच्या साहेबांना नाताळची सुट्टी असते, त्यामुळे इथेही कामाचा दट्ट्या कमी. त्याने मिस्त्री ठरवला, नकाशा काढून घेतला आणि कागद माझ्या काउंटरवर पसरला. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडायची. न्हाणीघराचं दार दुसऱ्या बाजूला काढायचं. उंबरे काढून टाकायचे, जुन्या मोझॅकच्या जागी मोठ्या गुळगुळीत टाइल्स, आणि सगळे स्विच नव्या जागी. "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं.

काका कागदावर वाकले. "माझं मत विचारशील तर," ते म्हणाले आणि थांबले. "कर. छान आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी मत विचारलं होतं आणि त्यांनी ते तीन शब्दांत संपवलं. मला तेव्हाच नवल वाटलं होतं.

तोडफोड सुरू झाली. काकूंना धुळीने खोकला झाला म्हणून नितीनने त्यांना साताऱ्याला बहिणीकडे पाठवलं. काका आतल्या खोलीत राहिले. दुसऱ्या सकाळी ते दुकानात आले, पेपर आपटला आणि उड्डाणपुलावर मत दिलं. तेच, आदल्या दिवशीचं, शब्दाला शब्द. जमलेल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काकांचं वय झालं," एकजण बाहेर पडता पडता मला म्हणाला, आणि ते काकांना ऐकू जाईल याची त्याने फारशी काळजी घेतली नाही.

सगळे गेल्यावर काकांनी पेपर माझ्यापुढे सरकवला. "शेठ, आज पहिल्या पानावर काय आहे?"

"तुमच्या हातातच तर आहे की."

"हातात आहे," ते म्हणाले. "वाचून दाखवशील?"

ते मला कायम खोचकपणे 'तुम्ही' म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' आलं. मी काय समजायचं ते समजलो. चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळं वाचलं. दोन गिऱ्हाइकं परत गेली.

वाचून झाल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, "काका, हा काय खेळ आहे? नितीनला सांगा. नाहीतर मी सांगतो."

"सांगितलंस तर तो काय करेल?"

"राहील इथे."

"राहील ना. मीही राहिलो होतो. वडिलांचं दुखणं म्हणून बढती सोडली, बदली सोडली. लोकांनी शाबासकी दिली. आणि घरी मी त्या माणसाशी वर्षानुवर्षं धड बोललो नाही. आजारी माणसावर राग धरला मी." त्यांनी पेपरची घडी पुन्हा नीट केली. "नितीन तसा चेहरा करून माझ्यासमोर बसेल, आणि तो मला दिसणारही नाही."

मला त्यांचं पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटलेलं नाही. पण नितीनला मी सांगितलं नाही.

खरी अडचण पुढेच होती. जुनं घर त्यांना पाठ होतं. कुठे मोझॅक खचलंय, कुठला उंबरा किती उंच, हे तळव्यांना कळायचं. पोराने प्रेमाने ते सगळं उखडून ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवलं होतं, आणि या बापाला स्वतःच्या घरात पाणी प्यायला जायची वाट उरली नव्हती. न्हाणीघर समजून ते एकदा विटांच्या ढिगावर गेले. नडगी सोलली. नितीनला सांगितलं, दुकानाच्या पायरीवरून घसरलो. माझ्या पायरीची बदनामी झाली ती झाली.

"शेठ, चला," ते एका दुपारी पुन्हा 'तुम्ही'वर येत मला म्हणाले, "माझं घर मला दाखवा."

मिस्त्री आणि त्याची माणसं पार्किंगमध्ये डबे उघडून बसली की आम्ही दोघं वर जायचो. नितीन ऑफिसात असायचा. काका चपला काढायचे, उजवा तळवा भिंतीला लावायचे आणि चालायला लागायचे. पलंगापासून न्हाणीघर. तिथून ओटा. ओट्यापासून बाहेरचं दार. मी म्हणायचो, "आता कोपरा आला." ते म्हणायचे, "सांगू नका, लागू दे." स्विच कुठे येणार हे मलाच माहीत होतं, सामान माझंच होतं. पण काकांचा हात आपसूक जिथे जायचा, तिथेच मी वायरमनला बोर्ड बसवायला सांगितलं. नितीनला म्हटलं, हल्ली हीच पद्धत आहे.

भिंतींवर पुट्टी ओली होती. एका दुपारी मिस्त्री हात धुऊन वर आला आणि ओरडला, "अरे, किसने हाथ मारा रे?" भिंतभर पंजे उमटले होते. काका माझ्याआधी बोलले. "सोसायटीतली पोरं फार माजलीत. मी सेक्रेटरीकडे तक्रार करणार आहे." त्यांच्या तळव्यावर पांढरी पुट्टी होती आणि तो तळवा ते पाठीमागे पुसत होते, इस्त्रीच्या शर्टाला. मिस्त्रीने शर्ट बघितला, मग काकांकडे नीट बघितलं. पुट्टी पुन्हा फिरवली, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवायला जाताना कुठली भिंत सुकली आहे ते मला सांगून जायला लागला.

वर्ष संपता संपता घर तयार झालं. काकू आदल्या दिवशी परत आल्या होत्या. नितीनने मलाही पेढे खायला बोलावलं. शेवटचा रंग देताना त्याने काकांना घरात येऊ दिलं नव्हतं, त्यांच्या एका जुन्या मित्राकडे ठेवलं होतं. ते आले तसं दारातच त्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "बाबा, डोळे मिटा. सरप्राइज आहे."

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. काकांनी डोळे मिटले, लहान मुलासारखे घट्ट. नितीन त्यांना हाताला धरून हॉलच्या मध्यभागी घेऊन गेला. "आता उघडा."

त्यांनी उघडले. मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवली. "माझं मत विचारशील तर," ते म्हणाले, "ओटा खिडकीखाली घेतलास हे उत्तम केलंस. न्हाणीघराचं दार आता आडवं येत नाही. आणि बोर्ड अगदी हाताशी आहेत." एकेका गोष्टीकडे ते बरोबर बोट दाखवत होते. नितीनचा चेहरा फुलत होता.

"आणि रंग?"

रंगाचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. हाताला रंग कळत नाही. काकांची मान भिंतीकडे वळली आणि तिथेच थांबली.

"पिवळा जरा भडकच झालाय, नाही का हो?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"भडक कुठे? तुला सगळंच भडक वाटतं," काका म्हणाले. "छान उजेडाचा पिवळा आहे."

नितीनने त्यांना मिठी मारली. काकू ओट्याकडे तोंड करून पेढ्यांच्या रिकाम्या पुड्याची उगाचच घडी घालत राहिल्या.

जानेवारीत तो गेला. दोन वर्षांची मुदत वाढत गेली, अशा मुदती वाढतातच. तिकडून फोन आला की काका त्याला पुण्याच्या बातम्या मतांसकट सांगायचे. सकाळी पेपर आपटणं चालूच राहिलं. फरक एवढाच, की काकू पुढची पानं वाचून पाठवायच्या आणि आतली मी वाचायचो.

त्या पिवळ्या भिंतीवर हळूहळू एक मळकट रेघ उमटली. तळव्याच्या उंचीवर, पलंगापासून न्हाणीघर, तिथून ओटा, तिथून दार. नितीन सुट्टीवर यायचा असला की काकू साबणाचं पाणी आणि फडकं घेऊन ती पुसून काढायच्या. तो परत गेला की ती पुन्हा उमटायची.

मागच्या डिसेंबरात काका गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. नितीन मिळेल त्या विमानाने आला. सगळं आटोपल्यावर मी चहाचा थर्मास घेऊन वर गेलो, तेव्हा तो भिंतीसमोर उभा होता. या वेळी काकूंनी भिंत पुसली नव्हती.

"ही रेघ कसली?" त्याने विचारलं. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी सांगितलं, सगळं, न रडता. तो ऐकत होता. मग त्याने उजवा तळवा रेघेवर ठेवला. तो वडिलांपेक्षा उंच, त्याला थोडं वाकावं लागलं. रेघेवरून तो ओट्यापर्यंत गेला, तिथून दारापर्यंत, आणि दाराशी थांबला.

"त्या दिवशी मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"मिटले होते रे त्यांनी," काकू म्हणाल्या.