काच मुरली

समजा, बिस्किटाएवढी एक गोल काच तुमच्या चिमटीत आहे. धरायची फक्त कडेला. आता ती तोंडाजवळ आणा आणि हलकेच हाऽऽ करा. काचेवर वाफ धरेल आणि लगेच उडू लागेल. नजर हलवू नका. जिथं धुळीचा कण असतो तिथं वाफ वेगळी उडते, बारीक ठिपका राहतो. ठिपका दिसला तर काच पुन्हा धुवा. नाही दिसला तरी आणखी एकदा हाऽऽ करा, कारण पहिल्यांदा डोळे फसतात.

ब्रिजेट परेरा हे काम बावीस वर्षं करते आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत पहिल्या मजल्यावर मधुकर सावंतांचा गाळा आहे आणि तिथून कोंडिविट्याच्या गावठाणातलं तिचं घर चालत बारा मिनिटांवर. दहावीवर ती काचा पुसायला लागली. आता थर चढवायचं यंत्र तीच चालवते. यंत्रातली हवा काढून टाकायची, आतला पदार्थ तापवायचा, त्याची वाफ काचेवर बसू द्यायची. असे साठेक थर. त्यांची जाडी नेमकी जमली की ती काच एकाच रंगाचा प्रकाश आरपार सोडते आणि बाकी सगळा परत पाठवते. तपासणीच्या कार्डावर सही ब्रिजेटची असते, आणि त्या सहीचं काम कधी परत आलेलं नव्हतं.

जुलैत निधी आली. लडाखमधल्या एका वेधशाळेत धूमकेतूंचा अभ्यास करणारी, जेमतेम तिशीची मुलगी.

"आंटी, धूमकेतू म्हणजे धुळीनं माखलेला बर्फाचा गोळा," तिनं सांगितलं. "सूर्याजवळ आला की बर्फाचा थेट वायू होतो आणि तो धूळ उडवत बाहेर पडतो. धूळ सूर्याचाच उजेड परतवते. पण वायू स्वतःच्या रंगात चमकतो. सायनोजेन नावाचा एक आहे, तो जांभळ्यात. मला दोन्ही वेगवेगळी बघायचीत."

"म्हणजे तुला तांदळातले खडे निवडायचेत."

"हो ना! पण चाळण तुम्ही द्यायची. आणि हा धूमकेतू परत येईल तो साठ-सत्तर हजार वर्षांनी, तेव्हा जरा लवकर."

ब्रिजेटनं दोन काचा केल्या, एक धुळीची आणि एक वायूची. त्या गाळ्यात एक रीत होती. काचेतून जाणारा रंग तपासणीच्या पडद्यावर उंच सुळक्यासारखा दिसतो. काच यंत्रातून नुकती बाहेर आली की हा सुळका एका जागी राहत नाही, तांबड्याकडे सरकत जातो. दोन दिवसांनी थांबतो. ब्रिजेट म्हणायची, "काच मुरली." मगच तपासणी, मगच सही. सुळका किती सरकणार याचा अंदाज ती आधीच धरायची. का सरकतो, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. "थर बसतात," मधुकरशेठ म्हणायचे, आणि तेवढं पुरायचं.

ऑक्टोबरात निधीचा फोन आला. आवाज रडवेला.

"आंटी, वायू दिसतच नाहीये. दुसऱ्या दुर्बिणींना दिसतोय आणि मला नुसती धूळ! इथं मोजलं तर सुळका अडीच नॅनोमीटर सरकलाय, जांभळ्याच्याही पलीकडे. थंडीचा फरक मी धरला होता, पण हा कितीतरी जास्त आहे."

केसाच्या जाडीचे तीस हजार भाग केले तर त्यातला एक, एवढा हा फरक. पण सायनोजेनचा रंग तेवढ्यानं काचेबाहेर राहिला होता. धूमकेतू दुर्बिणीच्या टप्प्यात अजून पाचच आठवडे होता.

काच चार दिवसांनी अंधेरीला परत आली. ब्रिजेटनं ती तपासणीला लावली. सुळका अगदी कार्डावर लिहिलेल्या जागी!

"बघा," मधुकरशेठ खूश झाले. "आपली काच झकास आहे. त्यांचंच मशीन बिघडलंय. पाठवून द्या परत, वर तुमची सही."

ब्रिजेटला हायसं वाटायला हवं होतं. पण तिनं सही केली नाही. "सोमवारी करते," म्हणाली. ती पोर खोटं कशाला मोजेल?

रविवारी चर्चमधल्या मिसाहून घरी आली तर जाऊबाई कार्मेन स्वयंपाकघरात तापलेली. "डबा उघडा कुणी टाकला गं? बघ, सुके बोंबील नुसते चिंध्या झालेत!"

"मग टाकून देऊ?"

"टाकतेस कशाला, बाजारात चढ्या भावानं घेतलेत! पत्र्यावर घाल. दुपारपर्यंत कडक होतील. आणि रात्री उघडे राहिले की परत लोळागोळा. मासा तोच गं, हवा बदलते."

ब्रिजेट हातात बोंबील धरून उभीच राहिली.

"काय झालं? भूत बघितलंस?"

"काच बघितली," ती म्हणाली.

सोमवारी तिनं वायूची काच मंद तापवली आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवली. मंगळवारी सकाळी बरणी उघडली आणि काच तशीच झटकन तपासणीला लावली. सुळका निधीनं सांगितला होता त्याच्या जवळपास उभा होता. आणि मग, बघता बघता, तो सरकू लागला. अंधेरीची दमट हवा साठ थरांच्या अदृश्य भोकांत शिरत होती. काच पाणी पीत होती आणि ते पिणं पडद्यावर दिसत होतं. ब्रिजेट चहा विसरली. बावीस वर्षं ती ज्याला मुरणं म्हणत आली ते हे होतं. आणि लडाखच्या कोरड्या हवेत काचेनं ते सगळं पाणी सोडून दिलं होतं.

तिनं फोन लावला. "निधी, तुझं मशीन बरोबर आहे. चूक माझी. मी तुला अंधेरीची हवा भरून काच पाठवली."

"सांगायची काय घाई होती?" मधुकरशेठ चिडले. "आता गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"शेठ, सही माझी आहे ना? मग बोलणारही मीच."

नवी काच करायला हवी होती. सुळका सुकलेल्या काचेवर जागेवर येईल असे थर चढवायचे, काच पुरती सुकवायची, आणि हवा लागायच्या आत वर दुसरी काच बसवून कडा बंद करायच्या. पहिला प्रयत्न फसला, कडेला एक फट राहिली. दुसरा जमला. ब्रिजेटनं ती बंद काच दोन दिवस गाळ्यातल्या दमट हवेत तशीच ठेवली. सुळका तसूभर हलला नाही. तेव्हा सही केली. काच लडाखला पोचली तेव्हा नऊ रात्री उरल्या होत्या.

पाचव्या दिवशी, दुपारी जेवणाचा डबा उघडताना, मोबाइलवर दोन चित्रं आली. पहिलं धुळीचं. एका बाजूला पसरलेला पंखा, मागे लांब शेपूट. दुसरं वायूचं. त्यात शेपूट नव्हतंच! मोठा गोल उजेड, आणि आत मध्यातून निघून वळत गेलेल्या दोन कमानी, ताक घुसळताना उठतात तशा.

"हे त्याचंच?" ब्रिजेटनं निधीला फोन लावून विचारलं.

"त्याचंच, आंटी, त्याच रात्रीचं. तो स्वतःभोवती फिरतोय आणि वायू फवारतोय, म्हणून कमानी वळल्यात. धुळीत हे दिसतच नव्हतं."

मधुकरशेठही वाकून बघत राहिले.

"आतला बर्फ कसा असतो गं?" ब्रिजेट म्हणाली. "आपल्या फ्रीजमधल्यासारखा?"

"नाही. फार थंडीत जमला असेल, तर आत बारीक भोकं राहतात. जमताना आसपास जो वायू असेल तो त्यात अडकतो. ऊब लागली की सुटतो."

ब्रिजेटनं खिडकीत ठेवून दिलेल्या वायूच्या जुन्या, उघड्या काचेकडे बघितलं. ती पुन्हा मुरली होती.

"माझ्या काचेनं अंधेरीची हवा प्यायली, ते कळलं," ती म्हणाली. "ह्यानं कुठली प्यायलीय?"

"सूर्य नुकता घडत होता तेव्हाची, असं वाटतं. नक्की कुणालाच माहीत नाही."

निधीचा फोन अजूनही येतो, आणि कामाचं बोलणं आटोपलं की ब्रिजेट दर वेळी तेच विचारते: "कळलं का गं, तो जमला तेव्हा तिथली हवा कशी होती?"